शेकवाल्या बाईचा पिवळा कागद

'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द चौतीस वर्षांत मी बऱ्हाणपूरच्या जिभेवर बसवू शकले नाही. सुरुवातीला दवाखान्याच्या बोर्डावर तो पूर्ण लिहिला होता. लोक बोर्ड वाचत, आत येत आणि विचारत, "दात इथेच काढतात ना?" मग मी 'मालिशवाली मॅडम' झाले, पुढे 'कसरतवाली मॅडम', आणि शेवटी 'शेकवाली बाई' झाले ती कायमची. त्या नावाचा तेव्हा मला राग येई. एवढं शिकून ही पदवी! आता राग येत नाही. आता ते नाव ऐकलं की मी विषय बदलते. का, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे. संपादकांनी 'गमतीदार अनुभव' मागितले होते; एखाददुसरी गंमत देते, बाकी त्यांनी गोड मानून घ्यावं.

आमचं काम साधं आहे. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात, ते पुन्हा वापरायला आम्ही शिकवतो. माझ्याकडे पॉवरलूमवर उभं राहून खांदे धरलेले कारागीर येत, केळीचे घड उचलून कंबर गेलेले मजूर येत, गुडघ्याला हात लावून 'आई गं' म्हणणाऱ्या सासवा येत. आमच्याकडे गोळी नाही, सुई नाही. हात वर करा, खाली करा, पाय ताणा, सोडा. आता एवढ्यावर माणसाचं समाधान कसं व्हावं? आपल्या माणसाला शेक मिळाल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. बाळंतिणीला शेक, पोट दुखलं शेक, मुका मार लागला शेक. मीही प्रत्येकाला दहा मिनिटं शेक देई. पेशंट डोळे मिटून म्हणे, "आता कुठं बरं वाटतंय." मी मनात म्हणे, वाटू दे बाबा.

घरी जाऊन व्यायाम कोणी करत नसे. कपड्याचे एक सेठ होते. कंबरेसाठी सांगितलेले सगळे व्यायाम ते दुकानातल्या माणसाकडून करवून घेत आणि स्वतः गादीवर बसून मोजत. "त्याला बघूनच मोकळं वाटतं, मॅडम." त्या माणसाची कंबर मात्र आजही ताठ आहे.

मी काय सांगितलं ते लोक दवाखान्याच्या पायरीवरच विसरत, म्हणून मी एक कागद छापून घेतला. पिवळा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. सात ओळी. पहिल्या सहा व्यायामाच्या आणि सातवी अशी: 'रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यावा.' खाली जागा सोडली होती, तिथे मी पेशंटचं नाव लिहून सही करी. हा कागद फार चालला. लोकांच्या आरशामागे, देव्हाऱ्याशेजारी, कपाटाच्या दारावर तो चिकटलेला मी पाहिला आहे. बाईंच्या हातचा कागद, सहीचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

शैलजा चौधरी माझ्याकडे आली ती होळीच्या आधी. तिचं नाव इथे तिच्या संमतीने लिहिते आहे. वय एकतीस, लग्न नाही, चांदनीच्या शाळेत मास्तरीण. घरी आई आणि मोठा भाऊ भास्करभाऊ, त्यांची केळीची शेती. शैलजा रोज सकाळी बऱ्हाणपूरहून पॅसेंजरने चांदनीला जाई. उजवा पाय ओढत ती आत आली आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाली, "मॅडम, मला बाकी काही नको. मला डब्यात चढता यायला पाहिजे."

गाडीची पायरी उंच, चांदनीचा फलाट खाली. पाय उचलेना म्हणून तिला दोन वेळा बायकांनी दंडाला धरून वर ओढलं होतं. तिसऱ्या वेळी गाडी सुटली आणि ती फलाटावरच राहिली. गाडीत चढता आलं नाही तर शाळा सुटणार, आणि शाळा सुटली तर ती घरात बसणार, आजारी बहीण म्हणून, भावाच्या संसारात, जन्मभर. हे तिने एका दमात सांगितलं आणि मग पाणी मागितलं.

चार वर्षं तिचे उपाय चालले होते. घरच्यांनी त्याला लकवा ठरवलं होतं. जंगली कबुतराचं रक्त पायाला चोळून झालं होतं, तांब्याचं कडं झालं, चुंबकाचा पट्टा झाला, एका गावी सात शनिवार अंघोळी झाल्या. मी सगळं खोदून विचारलं. मधे एकदा डाव्या डोळ्याला महिनाभर धुरकट दिसलं होतं, मग आपोआप साफ झालं. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. दुपारनंतर अंगात जीव राहत नाही. पायाच्या तळव्याला चप्पल आहे की नाही कळत नाही. मी म्हटलं, हा लकवा नव्हे. इंदूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, एमआरआय काढा.

आजार निघाला मल्टिपल स्क्लेरोसिस. ती जाडजूड फाईल घेऊन परत आली. "डॉक्टर चांगले होते," ती म्हणाली, "पण दहा मिनिटांत सगळं इंग्रजीत झालं. मॅडम, मला आजाराचं नाव कळलं, आजार नाही कळला."

मी तिला समजावलं. विजेच्या तारेवर रबर असतं ना, तसं आपल्या नसांवरही आवरण असतं. या आजारात शरीराची राखण करणारी ताकदच उलटते आणि ते आवरण कुरतडते. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. हा आजार कोणाचं पाप नाही, कोणाची नजर नाही. पूर्ण बरा होत नाही, पण आवरता येतो. इंदूरची औषधं चुकवायची नाहीत. आणि औषधाच्या जोडीला करण्यासारखं पुष्कळ आहे. सावकाश ताणण्याची योगासनं, श्वासाचे व्यायाम, दुपारी अर्धा तास आडवं होणं, दमायच्या आधी थांबणं. उन्हापासून जप, हे मी तीनदा सांगितलं. उन्हाने या आजारात पाय अजून लुळे पडतात. ओला रुमाल मानेला गुंडाळ, गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बस. ती वहीत लिहून घेत होती. तासभर बोलले मी. असा पेशंट जन्मात एकदा मिळतो, प्रश्न विचारणारा आणि उत्तर ऐकून घेणारा. मी खूश होते, स्वतःवरही.

आणि ती उठली तेव्हा सवयीने माझा हात ड्रॉवरमध्ये गेला. पिवळा कागद काढला, 'कु. शैलजा चौधरी' लिहिलं, सही केली, दिला.

मला सातवी ओळ माहीत नव्हती असं नाही. मीच लिहिलेली. ज्याच्या नसा अशा झाल्या आहेत आणि ज्याच्या पायाला गरम-गार कळत नाही त्याला शेक देऊ नये, हे मी पहिल्या वर्षात शिकले होते. पण कागद देताना कोणी कागद वाचतं का?

पुढचे दीड महिने फार चांगले गेले. मी सुताराकडून तीन लाकडी पायऱ्या करून घेतल्या. शैलजाने फळ्यावरची मोठी पट्टी नेऊन डब्याच्या पायरीची उंची मोजून आणली होती, तंतोतंत तेवढ्या. आधी डावा पाय, दांडी धरून भार हातावर, मग उजवा. रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर वीस वेळा. रामनवमीनंतर एक दिवस ती आली ती पेढे घेऊन. "चढले मॅडम. एकटी. बाजूच्या बाईनं हात दिला तर मी तिलाच म्हटलं, आप चढो पहले." मी तिचा पेढा खाल्ला आणि एक तिला भरवला.

त्याच दिवसांत भास्करभाऊ धूलकोटकडच्या एका माणसाला घेऊन दवाखान्यात आले. त्याच्या हातात जाळीची डबी, डबीत मधमाश्या. "मॅडम, ये आदमी बहोत जानकार आहे. माशी चावली की नस जागी होते. एक बार करून तर बघू." मी त्या माणसाला माश्यांसकट बाहेर काढलं. भास्करभाऊ चिडले. मी म्हटलं, "भाऊ, बहिणीवर माया आहे तर तिला प्रयोगशाळा करू नका. काही नवं करायचं असेल तर आधी विचारा, लिहिलेलं मागा. ज्याला लिहून द्यायची हिंमत नाही त्याचा उपाय घ्यायचा नाही."

हे वाक्य माझंच. मी ते अनेकांना ऐकवलेलं आहे, मोठ्या आवाजात.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. बऱ्हाणपूरचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मीच शैलजाला म्हटलं, भर उन्हात दवाखान्यात येऊ नकोस, घरीच कर. आठ दिवसांनी तिचा फोन आला. पाय जड वाटतोय. मी म्हटलं, उन्हाळा आहे, होतं असं, दुपारी गार राहा. पुन्हा फोन आला. "मॅडम, व्यायाम केल्यावर उभंच राहवत नाही. तासाभरानं येते ताकद, संध्याकाळी परत जाते." मी म्हटलं, हा आजारच चढउताराचा आहे, घाबरू नकोस, नियमित कर. नियमित कर! तासाभराने परत येणारी ताकद म्हणजे काय, हे पुस्तकात मी अधोरेखित केलेलं होतं. अंग तापलं की जाते, निवलं की येते. मी फक्त एवढं विचारायचं होतं, "व्यायामानंतर काय करतेस गं?" नाही विचारलं.

शाळा उघडायला चार दिवस होते तेव्हा भास्करभाऊ मला घ्यायला आले. नुसतं "चला" म्हणाले.

शैलजा खाटेवर होती. उजव्या पायाला घोट्यापासून तळव्यापर्यंत पट्टी. आईंनी सांगितलं. त्यांना रडूही येत नव्हतं. "पिशवी पायाखाले ठेवेल होती बाई. झाकन ढिलं होतं का काय, गळून गेली. तिले कायबी समजलं नाही. ती पुस्तक वाचत होती. मी आली तं चादर ओली, अन् पायाची कातडी चादरीले चिकटेल."

मी विचारलं, "पिशवी कशाची?"

आईंनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. त्या उठल्या आणि कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला माझा पिवळा कागद चिकटवलेला होता. प्रत्येक ओळीपुढे लाल शाईने बरोबरच्या खुणा, मास्तरणीच्या हातच्या, नीट एका रांगेत. जागा संपली म्हणून खाली वहीचं पान जोडलं होतं. व्यायामाच्या ओळींपुढे मधे मधे जागा रिकामी होती. पाय उचललाच नसेल त्या दिवशी. सातव्या ओळीपुढे एकही जागा रिकामी नव्हती. सकाळ, संध्याकाळ. मे महिन्यात तर दुपारीही.

"तुम्ही उन्हाचं सांगेल होतं," आई म्हणाल्या, "तं तिले उन्हात पाऊल नाही टाकू दिलं आम्ही. पडदे लावून, अंधारात शेक घेत होती बिचारी."

ऊन वेगळं आणि शेक वेगळा. ऊन वैरी, शेक औषध. आपल्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं. त्या घरात कोणीही मूर्खपणा केलेला नव्हता.

शैलजा म्हणाली, "मॅडम, मी एक दिवस नागा नाही केला. पाय जड झाला की वाढवायची मी शेक. तरी असं का झालं?"

कागद माझ्या समोरच होता. मी म्हणाले, "आजार वाढलाय गं."

जखम चिघळली, ताप आला. इंदूरला नेलं, पंधरा दिवस तिथे काढले. अडीच महिने ती आडवी होती. जखम भरली, कातडी आली, पाय मात्र परत आला नाही. पुढे चाकाची खुर्ची आली. लाकडी पायऱ्या माझ्या दवाखान्याच्या कोपऱ्यात तशाच राहिल्या. लोक त्यावर चपला काढत. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, चाल गेली ती तापाने, पडून राहण्याने की आजाराच्या नव्या झटक्याने, हे नक्की सांगता येणार नाही. ही शंका माझ्या फायद्याची होती. मी ती पुढे बरेच दिवस वापरली, रात्री झोपण्यापुरती आणि आरशात बघण्यापुरती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे हाताचे व्यायाम घ्यायला गेले होते. तिच्या मांडीवर मोबाईल होता. शब्द लावत लावत तिने आजाराबद्दलचं इंग्रजी वाचायला घेतलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, सातवी ओळ चुकली होती ना?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो. देताना लक्षात आलं नाही. आणि तुझा पाय पाहिला तेव्हा लक्षात आलं, पण तोंडातून निघालं नाही."

तिने मोबाईल बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "कबुतरवाल्यानं काही केलं नाही मला. माशीवाल्यानं नाही केलं. त्यांच्यावर मी विश्वासच नव्हता ठेवला." आणि तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाली, "आज व्यायाम नको. जा तुम्ही."

मी उठून आले. भास्करभाऊ दारातच होते, त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "लिहून मागा म्हणाल्या होत्या ना तुम्ही? आम्ही तर लिहिलेलंच केलं, मॅडम."

दवाखान्यात आले आणि उरलेले सगळे पिवळे कागद पाण्यात भिजवून लगदा केला. मग नवा कागद लिहिला, फक्त या आजाराचा. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात 'शेक नको' असं लिहिलं. शैलजाने दोन महिन्यांनी मला पुन्हा घरात घेतलं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नवा कागद तिने लाल पेनाने तपासला. माझी चार वाक्यं खोडली. "हे पेशंटला नाही कळणार," म्हणाली. आता ती घरीच खुर्चीत बसून गल्लीतल्या मुलांना शिकवते. औषध चालू आहे, हात चांगले आहेत. चांदनीला त्यानंतर ती गेलेली नाही.

मला वाटलं होतं, इथे हे संपलं. मागच्या वर्षी दवाखाना बंद केला, बोर्ड उतरवला. आणि यंदा उन्हाळ्यात धूलकोटच्या पुढच्या एका गावातून एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याच्या बायकोला हाच आजार निघाला आहे. "मॅडम, आम्ही तुमचा कागद आणला आहे, त्याप्रमाणे चालू आहे. फक्त दूसरा वाला व्यायाम कसा करायचा ते समजत नाही." मी म्हटलं, कोणता कागद, फोटो पाठवा. मला वाटलं नवा असेल.

मोबाईलवर फोटो आला. कागद पांढरा होता, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं फुटलेली. नावाच्या जागी कोणाचं तरी जुनं नाव अर्धवट खोडलेलं. खाली माझी सही, माझा फोन नंबर. सात ओळी.

"कुठे मिळाला हा?"

"झेरॉक्सच्या दुकानात राहतो ना, मॅडम. बाकी फॉर्म राहतात, तसा. लकवा असो, कंबर असो, सगळे लोक नेतात."

मी म्हटलं, "सातवी ओळ आत्ताच्या आत्ता खोडा. शेक द्यायचा नाही. तिचे पाय बघा, कुठे लाल झालंय का बघा."

तो घुटमळला. भला माणूस होता, भांडत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "मॅडम, बुरा मत मानो. तुम्ही फोनवर सांगता ते मानू, की तुमच्या सहीनं लिहिलेलं आहे ते मानू?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गावी गेले. पाय वाचले होते, नशीब त्या बाईचं. त्या दुकानातलाही कागद मी काढून घेतला. दुकानदार म्हणाला, हा तर मीच दुसऱ्या दुकानातून आणला होता.

शैलजाला हे सांगितलं. ती म्हणाली, "दुकान-दुकान कुठवर फिराल? छापा, माझ्या नावानिशी छापा. आणि नुसतं खोडा म्हणू नका. मुलांना मी नुसतं खोडू देत नाही, बरोबर काय ते वर लिहायला लावते."

म्हणून हे लिहिलं. हा अंक ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या कपाटाचं दार उघडावं, आरशामागे बघावं. पिवळा असो की पांढरा, सात ओळींचा कागद सापडला आणि घरात कोणाला हा आजार असेल, किंवा कोणाच्या पायाला गरम-गार कळत नसेल, तर सातवी ओळ खोडा आणि वर लिहा: शेक देऊ नये. खालची सही खोटी नाही. ती माझीच आहे.